लाल नमद्याचं जुळं

११ फेब्रुवारी, सोमवार

तिसऱ्यांदा परत. इशेनबेक अगायनी, आमच्या चित्रकलेच्या सरांनी, माझी रेखाटनं पत्त्यांसारखी जुळवली, टेबलावर ठोकून सरळ केली आणि म्हणाले, "बेगिमाय, ही चित्रं नाहीत, टिपणं आहेत. तू दुपारच्या इमारतीतली मुलगी आहेस, ते काही लपत नाही." अख्खा वर्ग हसला. मीही हसले. न हसून सांगते कोणाला?

दुपारची इमारत म्हणजे मानव्यविद्या. सकाळी कलाशाखेत कोळसा घासायचा, मग अर्धं बिश्केक ओलांडणारी ट्रॉलीबस पकडायची, बसमध्ये उभ्याउभ्या साम्सा खायचा आणि दोन वाजता दुसऱ्या इमारतीत बसून लोकसंस्कृतीवर तळटिपा लिहायच्या. पाच वर्षांत दोन पदव्या! सुरुवातीला आम्ही नऊजण होतो, आता तिघं उरलोय. सकाळचे म्हणतात, ही फार बोलते. दुपारचे म्हणतात, हिचे हात पुसून घ्या, मग पुस्तक द्या. इतके दिवस मी हे सगळ्यांना गंमत म्हणून सांगत आले. आज गंमत वाटली नाही. खरं सांगायचं तर मी दोन्हीकडे अर्धीच आहे, आणि हे शेवटचं वर्ष आहे.

आपाचा, म्हणजे आईचा, फोन आला होता. तिला सांगितलं, सगळं छान चाललंय. तिनं एव्हाना ते आमच्या आत-बाशी गावच्या निम्म्या बाजाराला सांगितलं असेल. "माझी मुलगी दोन-दोन पदव्या घेते." कांदे घेतानाही सांगते ती.

१४ फेब्रुवारी

दुपारच्या इमारतीत तरी बरा दिवस. क्लारा असानोव्नांनी प्रबंधाचा विषय मंजूर केला: शिर्दाकवर, म्हणजे लोकर दाबून केलेल्या नमद्याच्या गालिच्यांवर, नक्षी काढणाऱ्या बायका, आणि त्यांची नावं का उरली नाहीत. त्या खूश झाल्या की खुर्चीत बसत नाहीत, खिडकीपाशी जाऊन बोलतात. "संग्रहालयात जाऊन बघ तू. गालिच्याखालच्या पाटीवर काय असतं? 'नारीन प्रांत, विसावं शतक.' अगं, नारीनला काय हात असतात?"

काय वाक्य आहे! मी ते प्रबंधाच्या पहिल्या ओळीत घातलं. त्यांचं आहे असं लिहायचं राहिलं. नंतर बघू.

२१ मार्च

नौरूझच्या सणासाठी घरी. इथं अजून गुडघाभर बर्फ. आपाचे पाय दुखतात म्हणून ती शेगडीजवळ बसून हुकूम सोडते आणि उमसुनाय वहिनी पळते. गायी, चूल, चहा, पाहुणे, परत चहा. मिरलानदादा गाडीखाली झोपून गाडी दुरुस्त करतो, म्हणजे तो दिसत नाही.

मी वहिनीची मुलाखत घ्यायला बसले. फोन चालू करून तिच्यापुढे ठेवला तर ती आधी रुमाल सारखा करायला लागली.

"आवाजच घेतेय गं, फोटो नाही."

"मग काय झालं? आवाज काय उघड्या डोक्यानं काढायचा?"

विचारलं, ही शिंगांची नक्षी कुणाकडून शिकलीस? म्हणाली, "मेंढ्याकडून. शिंगं त्याचीच ना?" आणि हसत सुटली. प्रबंधात असलं काय घालणार, कपाळ!

पण काम बघितलं तिचं. दोन नमदे एकावर एक ठेवते, एक लाल, एक काळा. झिजलेल्या साबणाची कपची घेते आणि कसलाही कागद न बघता, न मोजता, सरळ वरच्या नमद्यावर नक्षी काढत जाते. मग धारदार सुरीनं दोन्ही एकदम कापते. लालमधून निघालेली शिंगं काळ्यात बसतात, काळ्यातली लालमध्ये. काहीच वाया जात नाही. एकाचे दोन शिर्दाक होतात, आरशात बघितल्यासारखे. तिची शिंगं इतर बायकांसारखी आत वळत नाहीत, बाहेर उघडतात. आणि हिवाळ्यात पुऱ्या झालेल्या लाल शिर्दाकच्या एका कोपऱ्यात रेघ मिटवलेलीच नाही, उघडी सोडलीय.

"इथं असं का केलंस? काही अर्थ आहे का?"

"अर्थ कसला? आपांनी चहाला हाक मारली म्हणून उठले. परत येऊन बघितलं तर ती तशीच बरी दिसली."

हे मी लिहून घेतलं नाही.

निघताना तिनं तोच लाल शिर्दाक गुंडाळून माझ्या पिशवीत कोंबला. "वसतिगृहाची फरशी गार असते म्हणालीस ना? पायाखाली घाल." आपा म्हणाली, "तो विकायचा होता." वहिनी म्हणाली, "दुसरा आहे की." आणि चहा ओतायला वळली.

२६ मार्च

अगायनी आज बाजूला बोलावून सांगितलं. चारचौघांत ओरडले असते तर परवडलं असतं. हळू आवाजात म्हणाले, "दोन एप्रिलपर्यंत काही आण. नाहीतर कलेकडून नाव काढून घे आणि एक पदवी तरी नीट घेऊन घरी जा. त्यात लाज नाही."

त्यात लाज नाही म्हणे! आपाच्या कांदेवाल्याला कोण सांगणार, की दोनाची एक झाली?

खोलीत येऊन कागद पसरला. एक रेघ येईना. पाय शिर्दाकवर होते. मग नुसता हात मोकळा व्हावा म्हणून पायाखालची नक्षी कागदावर काढायला घेतली. हात इतका मोकळा झाला की संध्याकाळपर्यंत सात कागद भरले.

२ एप्रिल

दाखवायला नको होते. पण दाखवले.

अगायनी कागद खिडकीशी नेले, परत आणले, जमिनीवर मांडले आणि स्वतः उकिडवे बसले. "कुठं होतीस तू पाच वर्षं?" म्हणाले. मग बोट त्या कोपऱ्यावर ठेवलं. "आणि हे?"

मी म्हणाले, "ती मी आहे, अगाय. गावातून उठले आणि शहरात पोचले नाही. रेघ मिटतच नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. देवाशप्पथ, वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला स्वतःलाही ते खरं वाटलं.

३ एप्रिल

शांतपणे विचार करू. शिंगं काय वहिनीच्या मालकीची आहेत? हजार वर्षं सगळ्या बायका तीच काढताहेत. लोककलेत मालकी नसते, माझ्याच पहिल्या प्रकरणात आहे. शिवाय तिनं मला शिर्दाक दिलाय, म्हणजे तो माझा. शिवाय तिला याचं काय करायचंय?

तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं.

पेरिझात, माझी खोलीतली मैत्रीण, दंतवैद्यकाची, मनात काही ठेवत नाही. कागद बघून म्हणाली, "गंमतच आहे. तुझ्या डोक्यातली नक्षी आधी तुझ्या पायाखाली कशी काय आली?"

म्हटलं, "प्रेरणा म्हणतात त्याला."

"आमच्याकडे दुसऱ्याच्या तोंडातला दात काढून आपल्या तोंडात बसवत नाहीत बाई," म्हणाली आणि केस विंचरत बसली.

शिर्दाक गुंडाळून खाटेखाली सरकवला. फरशी खरंच गार आहे.

२४ एप्रिल

क्लारा असानोव्नांनी दुसरं प्रकरण वाचलं, जुळ्या शिर्दाकांचं. मी लिहिलंय की प्रत्येक शिर्दाकचा एक जोडीदार जगात कुठंतरी असतोच: एक घरात, एक लग्नात दिलेला, एक डोंगरात, एक परदेशी दिवाणखान्यात. त्यांनी वाचता वाचता टेबलावर थाप मारली. "म्हणजे एक कुठंही जाऊ दे, दुसरा साक्षीला मागं राहतो! छान लिहितेस गं तू."

मला वहिनीचा काळा शिर्दाक आठवला. बाहेर आल्यावर हिशोब लावला: वसंतात व्यापारी येऊन सगळे शिर्दाक उचलून नेतो. वहिनीचा काळा एव्हाना कुठल्यातरी जर्मन बाईच्या घरी अंथरला असेल. मग जरा जिवात जीव आला.

आपल्या घरातली वस्तू दूर गेली म्हणून बरं वाटणारी मी पहिलीच असेन.

१० मे

अगाय म्हणाले, कागद पुरे, आता नमद्यावर करून दाखव, महिनाभरात. महिनाभरात शिर्दाक होत नाही हे त्यांना ठाऊक नसावं, ते तैलरंगवाले. मी म्हणाले, "गावाकडे करायला घेतलाच आहे, अगाय." म्हणजे आता पुढचं पण ठरलं: वहिनीचाच लाल द्यायचा.

खाटेखालून काढला. चहाचा एक डाग होता, माझाच. तो ओल्या फडक्यानं पुसत बसले. मागच्या बाजूनं वहिनीचे टाके दिसतात, एकसारखे बारीक, आणि मध्येच एके ठिकाणी दोरा बदललाय, पांढरा संपला म्हणून करडा. मी त्या जागेवरून बराच वेळ बोट फिरवलं. मला काय वाटत होतं ते लिहिता येत नाही. लिहिते: चोरासारखं वाटत होतं. झालं.

आभाराच्या पानावर घातलंय: "शिवणकामात मदत करणाऱ्या नारीनच्या बायकांचे आभार."

२८ मे

मेले. क्लारा असानोव्नांनी वर्गात जाहीर केलं: अकरा जूनला दोन्ही शाखांची एकत्र परीक्षा, आणि समोरच्या रांगेत पाहुणे म्हणून गावोगावच्या कारागीर बायका. "नावं राहिली नाहीत असं लिहून काय उपयोग? बोलावूया त्यांना! बेगिमायच्या प्रबंधामुळेच सुचलं मला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वर मला म्हणाल्या, "तुझ्या घरी मी आधीच फोन केला. आई नाही म्हणाल्या, पाय दुखतात. वहिनी येतेय. किती गोड बोलते गं!"

३० मे

फोन केला.

"वहिनी, रस्ता फार लांबचा आहे. तुला गाडी लागते."

"लागू दे. लिंबू घेते."

"गायी कोण बघणार?"

"तुझा दादा. त्याला दूध काढताना बघायला मीच थांबणार होते, पण तेवढी मजा सोडते." मग जरा थांबून, आवाज खाली आणून: "मखमली जाकीट घालू का? की ते गावंढळ दिसेल? तुझी मान खाली जायला नको."

म्हटलं, घाल. छान दिसतं तुला. फोन ठेवून मोरीत जाऊन तोंड धुतलं. तुझ्या जाकिटाची नाही गं लाज, वहिनी.

खरं सांगायची वेळ ती होती. तेव्हा नाही सांगितलं.

११ जून, मंगळवार

सगळं लिहून काढते, क्रमानं, नाहीतर उद्या मी यात काहीतरी गोडगोड मिसळेन.

सभागृहात लाल शिर्दाक भिंतीवर टांगला होता, वरून दिवा. खाली पाटी: "बेगिमाय. रेघ मिटत नाही." समोर सहा कारागीर बायका, मागं विद्यार्थी, बाजूला परीक्षकांचं टेबल. वहिनी उशिरा आली, गाडी लागल्यानं चेहरा पिवळा. मखमली जाकीट, फुलांचा रुमाल, मांडीवर कापडी गाठोडं. बसली, मला शोधलं, हसली. मग भिंतीकडे बघितलं.

मी तेव्हा बोलायला सुरुवात केली होती. तिनं आधी शिर्दाककडे बघितलं, मग पाटीकडे. पाटी वाचायला तिला वेळ लागला नाही. मग तिनं दोन्ही हात गाठोड्यावर ठेवले, पंजे पसरून, जसं भांड्यावरचं झाकण उडू नये म्हणून धरतात. मी बोलत होते. त्या कोपऱ्याबद्दलही बोलले, गाव, शहर, सगळं. जीभ थांबेचना. इतकं सुरेख मी आयुष्यात बोलले नव्हते.

नंतर क्लारा असानोव्ना पाहुण्यांकडे वळल्या. एकेक बाई आपलं काम उलगडून दाखवत होती. वहिनीची पाळी आली.

"आणि तुम्ही काय आणलंत?"

"काही नाही हो, घरचं लोणी आहे."

"एवढं मोठं लोणी!" सगळे हसले. "अहो लाजता काय, दाखवा."

"खरंच काही नाही. रिकाम्या हातानं येऊ नये म्हणून तुमच्यासाठी आणलं होतं, घरी गेल्यावर उघडा. इथं नको."

पण क्लारा असानोव्ना म्हणजे क्लारा असानोव्ना. त्यांनी प्रेमानं तिच्या मांडीवरून गाठोडं उचललं आणि गाठ सोडली.

काळी जमीन, लाल शिंगं. बाहेर उघडणारी. एका कोपऱ्यात रेघ उघडी.

इशेनबेक अगाय उठले, काळा शिर्दाक उचलून भिंतीशी नेला आणि लालच्या शेजारी धरला. त्यांच्या बोटानं एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्याकडे उडी मारली. धरणीनं पोटात घ्यावं असं आम्ही बोलताना म्हणतो ना, मी खरोखर खाली फरशीकडे बघितलं.

"हे कुणी काढलं?" त्यांनी वहिनीला विचारलं.

वहिनी उभी राहिली. आमच्याकडे सून मोठ्यांशी बसून बोलत नाही. "आमच्या मुलीनं," म्हणाली. "तिनं काढून दिलं, मी नुसतं कापलं, शिवलं. मला कुठलं एवढं सुचतंय, अगाय? मी गायी बघते."

तिचा आवाज अगदी साधा होता. पान्हा आटल्याचं सांगावं तसा.

अगाय माझ्याकडे वळले. "बेगिमाय?"

मी म्हणाले, "हो."

पाचपैकी पाच मिळाले.

१२ जून

वहिनीला गाडीवर सोडायला गेले. नारीनच्या गाडीत सहा माणसं जमेपर्यंत थांबायचं असतं, म्हणून आम्ही बाकावर बसून मक्सिम, धान्याचं आंबट पेय, प्यालो. मी तोंड उघडलं की ती दुसरंच काही विचारायची. जेवतेस का. केस का गळताहेत. पेरिझातच्या लग्नाचं जमतंय का.

शेवटी मी म्हणाले, "वहिनी, काल..."

"छान बोललीस काल," ती म्हणाली. "त्या कोपऱ्याचं. मला नव्हतं माहीत त्यात एवढं आहे ते. मी आपली चहाला उठले होते."

टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. गाडीत बसली, काच खाली करून लिंबू मागितलं.

१७ जून

पाच दिवस कसेबसे काढले. सगळे अभिनंदन करताहेत. पेरिझात करत नाही. तिनं फक्त खाटेखाली वाकून बघितलं, रिकामी जागा बघितली आणि "अच्छा" म्हणाली. आज सकाळी उठून सरळ अगायच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एक अक्षर माझं नाही. रेखाटनं बघून काढली. शिर्दाक तिनं मला पायाखाली घालायला दिला होता.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"मग पाच का दिलेत?"

"त्या बाईनं भर सभेत साक्ष दिली होती. तिला खोटं पाडायचा हक्क मला नव्हता." त्यांनी ब्रश पुसायला घेतला. "तुला मी विचारलं होतं. तू हो म्हणालीस."

कलेची पदवी यंदा नाही. पुढच्या वर्षी स्वतःचं काही घेऊन यायचं, जमलं तर. जमेल असं ते म्हणाले नाहीत.

मग दुपारच्या इमारतीत. क्लारा असानोव्ना खिडकीपाशी गेल्या नाहीत, खुर्चीतच बसून राहिल्या. प्रबंध पुन्हा लिहायचा. "आणि पहिली ओळ माझी आहे," म्हणाल्या. "ती मला तेव्हाच दिसली होती. म्हटलं, मुलगी नंतर घालेल नाव."

बाहेर आले तर हलकं वाटलं. खरंच. पायऱ्यांवर बसून अख्खा साम्सा खाल्ला. वाटलं, वहिनीला किती बरं वाटेल!

१८ जून

आपाचा फोन. काल मी दादाला संदेश पाठवून सगळं कळवलं होतं. आपा रडत होती, पण माझ्यावर नाही. "तुला काय गरज होती, ते काळं बोचकं घेऊन जायची? कुणी सांगितलं होतं?" हे ती मला नाही, मागं वळून वहिनीला म्हणत होती. "पोरीचं वाटोळं केलंस!"

मी ओरडले, "आपा, तिचा काय दोष, मी केलंय!" आपा ऐकते होय! मग खरखर झाली आणि वहिनी फोनवर आली. अंगणात आली असावी, गाई हंबरत होत्या.

"मला एकदा विचारायचं होतंस," म्हणाली.

"वहिनी, मला राहवेना. मला खरं..."

"तुझं मन मोकळं झालं. चांगलं झालं. इथं दुकानात गेले तर दुकानदारीणबाई विचारते, बिश्केकला जाऊन एवढ्या लोकांपुढे खोटं बोललीस म्हणे? मी आयुष्यात एकदा खोटं बोलले, बेगिमाय. ते तुझ्यासाठी बोलले. ते तरी ठेवायचंस माझ्याकडे."

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. मी हे काल इथं लिहूनसुद्धा ठेवलंय.

२४ जून

आज क्लारा असानोव्नांनी बोलावलं. दोन्ही शिर्दाक सभागृहाच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावायचेत, उन्हाळाभर. पाटी मी लिहायची. "पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव," म्हणाल्या. "नीट लिही. तुझ्याच प्रबंधाचा विषय आहे."

जाड कागद घेतला, चांगली शाई घेतली. लिहिलं: उमसुनाय. आणि पेन तिथंच थांबलं. तिचं आडनाव आमचं आहे, ते दादाचं. तिचं काय होतं? वडिलांचं नाव? गाव घाटापलीकडचं एवढं माहीत आहे, पण कुठलं? अकरा वर्षं ही बाई मला चहा ओतून देतेय. प्रबंधात मी चौदा मेलेल्या बायकांची नावं शोधून काढलीत, वडिलांच्या नावासकट.

फोन केला. सहा दिवसांत पहिल्यांदा. वाटलं, उचलणार नाही. उचलला.

"वहिनी, पाटीवर तुझं नाव घालायचंय. पूर्ण. तुझं, लग्नाआधीचं."

मग: "कशाला?"

"तुझी नक्षी आहे म्हणून."

मग एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "झेनबायेवा. उमसुनाय झेनबायेवा. गाव कारा-बुलुन. लिहिलंस? अक्षरं नीट काढ."

"लिहिलं."

"कसं दिसतंय?"

"चांगलं दिसतंय, वहिनी."

"मी शेवटचं लिहिलं होतं ते तुमच्याच त्या सकाळच्या इमारतीच्या अर्जावर," म्हणाली. अगदी सहज. "एकोणीस वर्षांची होते. अर्ज द्यायला बिश्केकला निघाले होते, सोबत चित्रांची गुंडाळी. रस्त्याला गाडीची वाट बघत उभी होते तर तुझा दादा आणि त्याचे दोस्त थांबले. म्हणाले, बस, सोडतो."

मी "मग?" म्हणाले. बावळटासारखं, जणू मला माहीतच नाही.

"मग काय? तू होतीस की घरात." तिनं कुणाला तरी, "आले, आले," म्हणून हाक दिली. "आपा चहा मागताहेत. ठेवते."

पाटी तशीच समोर आहे. शाई वाळली.

होते मी घरात. अकरा वर्षांची होते. गाडी अंगणात शिरली, दादाच्या दोस्तांनी एका मुलीला उचलून आत नेलं, आणि सगळं घर लगबगीला लागलं. ती भिंतीशी ओरडत होती, दोन काकवांनी तिचे हात धरले होते. चारदा तरी तिनं डोक्यावरचा हात झटकला. नवरीच्या डोक्यावर एकदा बांधला की लग्न झालं असं धरतात, तो पांढरा रुमाल कुणाला सापडत नव्हता. आपा पेट्या उपसत होती. उशीर झाला असता तर तिच्या घरचे येऊन पोचले असते आणि तिला घेऊन गेले असते, हे तेव्हा सगळेच बोलत होते. मला माहीत होतं रुमाल कुठं आहे. रजयांच्या चळतीत, खालून तिसऱ्या रजईत. मी पळत गेले, पळत आले. आपानं माझा मुका घेतला, काकू म्हणाली, केवढी हुशार पोर, हिला शिकवा.

तो दिवस मी आजवर सगळ्यांना लहानपणीचा सर्वांत मजेचा दिवस म्हणून सांगत आले. वसतिगृहात सांगितलाय, पेरिझातला सांगितलाय, एकदा वहिनीसमोर बसून सांगितलाय. ती चहा ओतत होती.

रुमाल मी आणून दिला.